अडतीस ग्रॅम मीठ

ईरा आणि निहाल,

हे लिहिते आहे तुमच्यासाठी, पण देते आहे आमच्या मोहोपाड्याच्या निवृत्त मंडळींच्या दिवाळी अंकाला. नुसतं पत्र पाठवलं असतं तर तुम्ही ते आजीचं पत्र म्हणून जपून ठेवलं असतं, म्हणजे वाचलं नसतं. छापून आलं की तुमची आई त्याचे फोटो सगळ्यांना पाठवते, आणि मग निदान तुम्हाला वाचून दाखवणं तिला भाग पडतं.

आत्ताच का, याची कारणं दोन. गेल्या महिन्यात निहालने फोनवर सांगितलं की त्याच्या कॉलेजात एक यंत्र आलं आहे. ते शरीरात प्रकाश टाकतं आणि आवाज ऐकतं, आणि नीट ऐकू यावं म्हणून आधी एक हिरवा रंग टोचावा लागतो. "आजी, तू असं काही ऐकलं होतंस का?" मी म्हटलं, थोडंफार. मागून ईराचा आवाज आला, "आजी पेंटच्या फॅक्टरीत होती." एकतीस वर्षांचं काम एवढ्याशा वाक्यात बसवायचं तर हेही वाईट नाही, फक्त चूक आहे.

दुसरं कारण खालापूरला राहतं. त्याचं नाव गफूरभाई.

मला इंग्रजीत लिहिता आलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. भाजीची यादीसुद्धा मी इंग्रजीत करते आणि भाज्यांची नावं वर्णानुक्रमे लावते, यावरून तुमचे आजोबा मला शेवटपर्यंत चिडवत होते. पण या गोष्टीतला एक कागद मी इंग्रजीत लिहिला होता आणि तो फार सुबक होता. म्हणून या वेळी मराठी.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे मध्येच थांबावं लागणार नाही.

आपल्या कर्जतच्या घरी माझी आई तांदूळ निवडायची. काळा खडा लगेच दिसतो. दात पडतो तो पांढऱ्या खड्यामुळे, कारण तो तांदळासारखाच असतो. शरीराचा आतला फोटो काढणाऱ्यांचं दुखणं हेच. मांसात मांसच दिसतं, त्यातली नको असलेली गाठ किंवा बारीक शीर वेगळी ओळखू येत नाही. म्हणून असं काहीतरी आत सोडायचं की खडाच रंगून निघेल. त्याला ते लोक कॉन्ट्रास्ट एजंट म्हणतात. आम्ही त्याला माल म्हणायचो.

आमचा माल म्हणजे गडद हिरवी पूड. डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या जरा पलीकडचा प्रकाश ती पिऊन टाकते. तो प्रकाश मांसातून बराच आत जातो. विश्वास नसेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरा. हात लाल दिसतो, हिरवा दिसत नाही, कारण बाकीचे रंग वाटेतच संपतात. प्रकाश प्यायलेल्या आमच्या पुडीचे दोन स्वभाव. थोडा प्रकाश ती परत बाहेर टाकते, म्हणजे चमकते. उरलेल्याची ऊब होते. डॉक्टर लोक खास कॅमेरा लावून ती चमक बघतात. त्यामुळे जितकी चमक जास्त तितका माल चांगला, असं आमच्या कारखान्यात मानलं जायचं, आणि तसं मानायला लावणारी मीच होते. मी क्वालिटीची मुख्य. माझ्याकडे चमक मोजायचं यंत्र होतं, पास आणि नापासचे दोन शिक्के होते, आणि दोन्हीसाठी वेगळे स्टँपपॅड होते. आमचा माल रुग्णांसाठी नव्हता, संशोधन करणाऱ्यांसाठी होता, तरी मी शिक्का पेशंट समोर झोपला असल्यासारखा मारायची.

कारखाना लहान होता. मालकांच्या वडिलांनी कापडाचे रंग करण्यासाठी काढला, पुढे कापडाचे रंग परवडेनात म्हणून मुलाने हे नाजूक रंग सुरू केले. माणसं मात्र कापडाच्या रंगावरचीच राहिली. त्यांच्या हातावरून त्यांचा विभाग कळायचा. मोहोपाड्याच्या बाजारात कोणी पैसे पुढे केले की दुकानदार तळव्याच्या रेषा बघून सांगायचा, हा पिवळ्यातला, हा निळ्यातला. गफूरभाईंच्या रेषा हिरव्या होत्या.

गफूरभाई म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. खानदान मूळचं किनाऱ्याकडचं, मिठागरं असलेल्या गावातलं, आता दोन पिढ्या खालापूरला. उंच, सावकाश बोलणारे, आणि कामात असताना अजिबात न बोलणारे. आमच्याकडे रीत होती की बॅचच्या नंबरापुढे ती काढणाऱ्याचं आद्याक्षर लिहायचं. ज्या बाटलीवर ग असेल ती मी तपासायच्या आधीच मनातल्या मनात पास केलेली असायची. असं करू नये. पण करायची.

माझ्या लॅबवर जुना पत्रा होता, गंजून काळा पडलेला. मालकांच्या केबिनवर नवा घातला होता. ढगातून ऊन बाहेर आलं की माझा पत्रा टण्, टण् वाजायला लागायचा. ऊन लागून पत्रा तापतो, फुगतो आणि आवाज करतो. एकदा गफूरभाई नमुना घेऊन आले होते. वर बघत म्हणाले, "बाई, मालकाचा पत्रा बघा. चमकतो, पन वाजत नाय. आपला काला हाय, पन बोलतो."

मला वाटलं, मालकांना टोमणा आहे. मी हसले आणि बाटलीवर लेबल लावलं. खरं म्हणजे त्यांनी मला त्या क्षणी अख्खं शास्त्र सांगितलं होतं, आणि मी लेबल सरळ लागलं की नाही ते बघत होते.

एका पावसाळ्यात ग अक्षराची एक बॅच नापास झाली. पूड दिसायला ठीक होती, पण पाण्यात घालून यंत्रात ठेवली तर चमक जवळजवळ नाहीच. मी तीनदा मोजली. चौथ्यांदा यंत्रच तपासलं. मग गफूरभाईंना बोलावलं.

"काही वेगळं केलंत का?"

"मीठ टाकला, बाई."

"कशाला?"

"रंग पान्याला चिकटून बसला हुता. सोडंना. फडक्यातून सगला खाली चालला. मूठभर मीठ टाकला, मंग गप बसला."

हे समजून घ्या. पाण्यात विरघळलेला रंग बाहेर काढायचा तर त्यात मीठ घालायचं, ही कापडाच्या रंगवाल्यांची पिढीजात विद्या. पाणी मिठाला धरतं आणि रंगाला सोडतं. गफूरभाईंना ती त्यांच्या उस्तादांनी शिकवली होती. पण आमच्या नाजूक रंगाच्या लेखी कृतीत मीठ नव्हतं.

"गफूरभाई, कागदावर मीठ लिहिलेलं नाही."

"कागदावर तर भाजीतलाबी लिवलेला नसतो, बाई."

ते खरं बोलत होते आणि लपवत काहीच नव्हते. त्यांनी मीठ टाकलं नसतं तर अख्खी बॅच गटारात गेली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण नापास शिक्का मारला की अहवाल लिहावा लागतो. त्या फॉर्मवर काय झालं, का झालं, कोणामुळे झालं असे रकाने होते, आणि शेवटचा रकाना शिफारसीचा. तो बहुतेक लोक कोरा सोडायचे. मला रकाना कोरा ठेवायची सवय नाही. मी त्यात एक ओळ लिहिली. इंग्रजीत ती फार नेटकी होती. मराठीत अशी होते: हा कामगार निष्काळजी असून याच्या हाती पुन्हा बॅच देणे सुरक्षित नाही.

का लिहिली? मला गफूरभाईंचा राग नव्हता. वरचे सगळे रकाने भरून झाले होते, आणि ओळ आपोआप पुढे आली, जशी बेरीज झाल्यावर खाली रेघ येते.

कामगाराची सही लागायची. गफूरभाई मराठी शाळेत शिकलेले, इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांना माझ्या टेबलापाशी बसवलं आणि कागद मराठीत वाचून दाखवला. काय झालं ते वाचलं. का झालं ते वाचलं. शेवटच्या रकान्याशी आले, त्यांच्याकडे बघितलं, आणि तो गाळला. कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, "एवढंच आहे."

"उद्या सही करतो," ते म्हणाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सही करून आणून दिला. सही मराठीत, पूर्ण नावाची.

आठवड्याने मालकांनी त्यांना बॅचवरून काढून ड्रमच्या वाड्यात पाठवलं. रिकामे ड्रम धुवायचे, उन्हात पालथे घालायचे. जाताना ते लॅबच्या दारात थांबले. "बाई, थोडक्या दिवसांचाच हाय ना हा?" मी म्हटलं, बघते मी. त्यांना एवढंच हवं होतं की पुन्हा बॅच हातात मिळावी आणि नंबरापुढे ग लागावा. तक्रार त्यांनी कधी केली नाही. रोज दुपारी मात्र ड्रमवरून मान वर करून लॅबच्या खिडकीकडे बघायचे, आणि मी खिडकीशेजारची बाटल्यांची मांडणी नीट करायची.

आता मुंबईच्या बाई. एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टर कावेरी. तुमच्या आईपेक्षा लहान, बोलणं भराभर. त्या आमचा माल घ्यायच्या, निहालने सांगितलं तशा यंत्रासाठी. एकदा त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा रंग सुंदर आहे, पण गप्प आहे."

"म्हणजे?"

"ऐकूच येत नाही. तुमच्याकडे प्रत्येक बॅचचा थोडा नमुना राखून ठेवलेला असतो ना? सगळे घेऊन याल का? एकाच दिवशी सगळे तपासू."

नमुने तर होतेच. प्रत्येक बॅचचे, पास आणि नापास, तपकिरी बाटलीत, वर चांदीचा कागद, कारण हा रंग उजेडात मरतो. मी यादी केली.

"आणि येताना चिकन आणाल?" त्या म्हणाल्या.

रंगाची नळी चिकनच्या तुकड्याखाली ठेवतात आणि वरून प्रकाश टाकतात, म्हणजे तो माणसाच्या मांसातून जातो आहे असं मानता येतं. पण त्यांच्या संस्थेत खरेदीचे नियम होते. "चिकनसाठी तीन ठिकाणची कोटेशनं मागितलीत," कावेरी म्हणाल्या. "दोन आलीत. तिसरा म्हणतो, आधी ऑर्डर द्या."

मी चौक गावात गेले. जुन्या हायवेला लागून एक चिकनवाला आहे, तो मला ओळखतो.

"बिनहाडाचं छातीचं हवं," मी म्हटलं. "चार सेंटिमीटर जाड, वरून सपाट."

"किलो सांगा, काकी. सेंटिमीटरवर कापड मिलतं."

मी पर्समधून पट्टी काढली. त्याने सुरा खाली ठेवला.

"पावनं कोन हायत एवढं मापात खानारं?"

"खायचं नाही. त्यातून उजेड टाकायचा आहे."

तो मागच्या गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला, "थांबा रं जरा, काकीचं काम नाजूक हाय." मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे, "मंग कोवला देतो. उजेड लवकर जाईल."

कंपनीचा टेंपो मुंबईला चालला होता. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर बर्फाच्या डब्यात बाटल्या, पायाशी दुसऱ्या डब्यात चिकन. डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर लेबलं लावली होती.

संस्थेतलं यंत्र एका मोठ्या टेबलावर पसरलेलं होतं. निहाल, तुझ्या कॉलेजातलं लहान असेल, गोष्ट तीच. लेसरचे फार बारीक, फार झटपट झपके मारायचे. रंग ते पितो, केसभर तापतो, केसभर फुगतो, आणि फुगताना आजूबाजूला धक्का देतो. तो धक्का म्हणजे आवाज. माणसाच्या कानाला न येणारा, पण सोनोग्राफीसारख्या कानाला येणारा. आवाज कुठून आला ते शोधून यंत्र चित्र काढतं.

कावेरी म्हणाल्या, "म्हणजे बघा, जसं..."

"जसं पत्र्यावर ऊन पडतं," मी म्हटलं.

त्या थांबल्या. "हो. हेच. हे मी कधी ऐकलं नव्हतं."

मी ऐकलं होतं. वर बघत सांगितलेलं.

एकामागून एक नळ्या ठेवल्या. माझ्या लाडक्या बॅचा, भरपूर चमकणाऱ्या, ज्यांच्यावर मी पासचा शिक्का जरा जोरात मारला होता. पडद्यावर चिकनच्या राखाडी ढगात एक फिकट रेघ यायची. कधी यायची, कधी वाटायची. कावेरी पुढची नळी मागत होत्या. मग यादीतली शेवटची बाटली. ती मी आणायला नको होती, पण त्यांनी सगळे नमुने म्हटलं होतं, आणि यादी म्हणजे यादी.

पडद्यावर रेघ उमटली. कोणी खडूने ओढावी तशी.

"हे काय आहे?" कावेरींनी विचारलं.

"नापास."

"का?"

"चमकत नाही."

त्या खुर्ची माझ्याकडे वळवून बसल्या आणि ज्या गोष्टी मला ठाऊक असायला हव्या होत्या त्या मला समजावून सांगितल्या. जो रंग प्रकाश परत टाकतो, त्याच्याकडे तापायला कमी उरतो. या बाटलीतले रेणू एकमेकांना चिकटून बसले आहेत, ते चमकत नाहीत, मिळेल त्या सगळ्याची ऊब करतात. शिवाय लेसरखाली लवकर थकत नाहीत. "तुमच्याकडे असा नापास माल आणखी आहे का?" त्यांनी विचारलं. "आणि हा केला कोणी?"

मी बाटली फिरवून लेबलवरचं ग त्यांना दाखवलं. त्यांना ते कळण्याचं कारण नव्हतं.

टेंपोने परत येताना मी उरलेल्या बाटल्यांचा डबा मांडीवर धरून बसले होते. मला वाटलं होतं की आता सगळं सरळ होईल. असं वाटणं हा माझ्या स्वभावातला दोष आहे. कागद चुकला तर दुसरा कागद लिहिला की झालं, असं मी आयुष्यभर मानत आले.

मालकांना मी सगळं सांगितलं. ते खूश झाले. "म्हणजे नापास मालाला गिऱ्हाईक आहे? मग मीठ टाका, मॅडम. उद्यापासून टाका."

गफूरभाईंच्या जागी आलेल्या नव्या ऑपरेटरने मीठ टाकलं. पहिल्यांदा कमी पडलं, माल चमकला. दुसऱ्यांदा जास्त पडलं, चिखल झाला. तिसऱ्यांदा काय झालं ते त्यालाही सांगता आलं नाही. मी मालकांना म्हटलं, गफूरभाईंना परत बॅचवर घ्या.

"घेतलं असतं हो," ते म्हणाले. "पण ऑडिटला लोक येतात, फाईल उघडतात. हा माणूस सुरक्षित नाही असं लिहिलंय आणि तोच बॅच काढतोय, हे कसं दिसेल? कागद तुमचाच आहे, मॅडम. किती वजन टाकायचं तेवढं विचारून घ्या ना त्याला."

मी ड्रमच्या वाड्यात गेले.

"गफूरभाई, त्या दिवशी मीठ किती टाकलं होतंत?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती?"

त्यांनी मूठ दाखवली. मी लॅबमधून काटा आणि खडेमिठाची पिशवी मागवली. एका पालथ्या ड्रमवर काटा ठेवला, पातळी बघून सपाट केला. गफूरभाई मूठ भरायचे, काट्यावरच्या बशीत सोडायचे, मी आकडा लिहायची. अडतीस. अडतीस. एकोणचाळीस. अडतीस. दहा वेळा घेतलं. पुढेमागे एक ग्रॅम. माझ्या हाताखालच्या शिकलेल्या मुली चमच्याने घेत आणि त्यांचं तीन-चार ग्रॅम इकडेतिकडे व्हायचं.

"पास का, बाई?" त्यांनी विचारलं.

"पास."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या तळव्याकडे गेलं. ड्रम धुऊन धुऊन हात पांढरे झाले होते. रेषांत काहीच उरलं नव्हतं.

मी लेखी कृती सुधारली. सहाव्या पायरीत लिहिलं, खडेमीठ अडतीस ग्रॅम. पुढची बॅच नव्या ऑपरेटरने काढली आणि ती उत्तम निघाली, म्हणजे अजिबात चमकली नाही. मी तिच्यावर पासचा शिक्का मारला. कावेरींना माल गेला, त्यांचं काम पुढे सरकलं, त्यांनी एक लेखही लिहिला आणि त्यात मिठाचा उल्लेख केला. आणि माझ्या लक्षात आलं की गफूरभाईंना परत आणायचं कारखान्याला जे एकच कारण उरलं होतं, ते मी काट्यावर मोजून घेतलं होतं आणि सहाव्या पायरीत लिहून टाकलं होतं. त्यांची मूठ आता कोणीही भरू शकत होतं.

मी दुसरा अहवाल लिहिला. पहिल्यातली शिफारस चुकीची होती, या कामगाराने बॅच वाचवली, असं स्पष्ट लिहिलं. मालकांनी तो पूर्ण वाचला, छान लिहिलंय म्हणाले, आणि पहिल्याच्या मागे पिनेने लावला. ऑडिटवाले वरचं पान वाचतात.

गफूरभाई ड्रमच्या वाड्यातूनच निवृत्त झाले. निरोपाच्या पेढ्यांच्या वेळी मी भाषण केलं. शिस्त या विषयावर. मला दुसरा येत नव्हता.

पुढे मीही निवृत्त झाले. कारखाना विकला गेला. तुमचे आजोबा गेले. निहालचा फोन आला त्या दिवशी मी फोन ठेवला आणि बसून राहिले, कारण ती सगळी गोष्ट निहालला सांगायची तर गाळलेल्या ओळीशी येऊन थांबावं लागणार होतं. ती ओळ ज्याची त्याला आधी वाचून दाखवायला हवी होती. रविवारी रिक्षा केली आणि खालापूरला गेले.

गफूरभाई ओटीवर बसले होते. वाळले आहेत, आवाज तोच. त्यांची मुलगी शबाना शाळेत शिकवते, तिने चहा आणला. थोडं इकडचं तिकडचं झालं. मी पर्समधून कागद काढला. अहवालाची माझी स्वतःची प्रत. मी सगळ्याच्या प्रती ठेवते.

"गफूरभाई, तुम्हाला हा वाचून दाखवला होता तेव्हा मी एक ओळ गाळली होती. ती वाचायला आले आहे."

"सुरक्षित नाय, ती?" ते म्हणाले.

मी चष्मा काढला.

"शबानानं वाचला हुता त्याच सांजेला," ते म्हणाले. "ती इंग्रजी शालंत हुती तवा. लय रडली. बोलली, अब्बा, सही नका करू."

"मग का केलीत?"

"तुमी गालली ना ओळ." त्यांनी बशीत चहा ओतला. "तवा समजलं, तुमालाबी ती खरी वाटत नाय. म्हटलं, बाई आज ना उद्या खोडतील."

"मी दुसरा कागद लिहिला होता."

"असंल. माझ्यापातूर आला नाय."

शबाना दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तो कागद तिथेच वाचला, शेवटच्या रकान्यासकट, मराठीत. दुसरा अहवालही वाचला. गफूरभाईंनी दोन्ही ऐकले, कामात असताना ऐकायचे तसे, मान खाली घालून. मग म्हणाले, "दुसरा बरा हाय. पन तो फायलीत राहिला. पह्यला मातर सगल्यांनी वाचला."

"मी आता कुठे लिहू, गफूरभाई? कारखानाच नाही."

"छापतात ना तुमी लोक दिवालीला? त्यात लिवा. इंग्रजीत नका लिवू. आनि हात जोडतो, ओळ गालू नका."

"नाव लिहू?"

"नाव नाय तर मंग कुनाचा मीठ ते कसा कलंल?"

उठताना मी त्यांना कावेरींच्या लेखातलं पान दाखवलं, अडतीस ग्रॅमची ओळ बोटाने दाखवली. त्यांनी ते लांब धरून बघितलं. "आता डाक्टरनं मीठ बंद केलाय," ते म्हणाले. "बोलतो, चिमटीभर खा. माझी चिमटी किती ग्रॅम, मोजता का, बाई?" शबाना हसली. तोवर ती हसली नव्हती.

म्हणून हे लिहिलं. पहिली ओळ वर दिली आहे, जशी होती तशी. तिच्या जागी ही वाचावी: त्या बॅचमध्ये मीठ गफूरभाईंनी टाकलं, समजून टाकलं, मापात टाकलं, आणि निष्काळजीपणा झाला तो माझ्या टेबलावर.

निहाल, तुझ्या कॉलेजातला रंग कोण करतं मला ठाऊक नाही. कुठलाही असो, तो चमकत नसेल तर लगेच नापास करू नकोस, आधी ऐकून बघ. ईरा, पेंट नव्हे.

जे उरलं आहे ते एवढं. कारखान्याच्या जागी गोदाम आहे आणि त्याच्यावर नवा पत्रा आहे. अहवालाची मूळ फाईल कुठे गेली ते मला माहीत नाही. एकतीस वर्षांत मी कारखान्यातली पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही, फक्त शेवटच्या दिवशी त्या नापास बॅचची बाटली आणली. ती आपल्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे आहे, चांदीच्या कागदात. लेबलवर ग आहे. काल उघडून बघितली. रंग अजून हिरवा आहे.